उडायला २५ मीटर, उतरायला आठ वर्षं: ड्रोनच्या काळात विमानवाहू नौकेचं काय?

१ जून २०२५ च्या त्या क्लिप तुमच्याही फीडमध्ये येऊन गेल्या असतील. ट्रकवर लाकडी खोल्या, त्यांची छपरं सरकतात, आतून एकामागून एक क्वाडकॉप्टर बाहेर पडतात आणि थोड्याच वेळात रशियाची अजस्र बॉम्बर विमानं तळावर उभ्या जागी जळायला लागतात. युक्रेनच्या सुरक्षा सेवेने या मोहिमेला ‘स्पायडरवेब’ म्हणजे कोळ्याचं जाळं असं नाव दिलं होतं. ११७ ड्रोन वापरले, असं अध्यक्ष झेलेन्स्की यांनी सांगितलं. त्यातला एक तळ सैबेरियात इर्कुत्स्कच्या बाजूला, युक्रेनपासून चार हजार किलोमीटरच्याही पुढे होता. नुकसान किती झालं यावर आकडे जुळत नाहीत. युक्रेन ४१ विमानं म्हणतो. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज वीसेक विमानांना मार बसला आणि त्यातली दहाच्या आसपास पूर्ण गेली असा होता. दहाच धरा. टीयू-९५ सारखं विमान बनणं कधीच बंद झालंय, त्यामुळे गेलेलं एकही भरून येत नाही.

याच्या महिनाभर आधी, २८ एप्रिलला, भारताने फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला. ‘एम’ म्हणजे नौदलाची आवृत्ती. २२ एकआसनी, ४ दोनआसनी, रक्कम सुमारे ६३ हजार कोटी रुपये. ही विमानं आयएनएस विक्रांतवर जायची आहेत.

या दोन बातम्या पाठोपाठ आल्या आणि कमेंटमध्ये एकच सूर सुरू झाला. लॅपटॉपच्या किमतीतलं ड्रोन बॉम्बर जाळतंय आणि आपण ४५ हजार टनांच्या बोटीसाठी विमानं घेतोय, डोकं ठिकाणावर आहे का? (काहींनी ६३ हजारला २६ ने भागून ‘एका विमानाची किंमत’ही काढली. त्या रकमेत शस्त्रं, सुटे भाग, प्रशिक्षण, सिम्युलेटर असं बरंच काही आहे. तो भागाकार सोडून द्या.)

वाद निरर्थक अजिबात नाही. फक्त तो २०२५ मध्ये सुरू झालेला नाही. स्वस्त, छोटं, एकदाच वापरायचं उडतं यंत्र घ्यायचं, ते लपूनछपून शत्रूच्या जवळ न्यायचं आणि त्याचं प्रचंड महागडं हवाई जहाज त्याच्याच शेडमध्ये जाळायचं, हा सगळा प्रकार १९१८ मध्ये झालेला आहे. आणि तो करणाऱ्यांनी लगेचच पुढचं काम काय हातात घेतलं, ते आजच्या वादात कोणी बोलत नाही.

सात कॅमल आणि दोन झेपलिन

पहिल्या महायुद्धात जर्मनीकडे झेपलिन होती. हायड्रोजन भरलेली, जवळपास २०० मीटर लांब, उत्तर समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून ब्रिटिश आरमार कुठे आहे ते कळवणारी. १९१५ पासून ती ब्रिटनच्या शहरांवर बॉम्बही टाकत होती. आजच्या भाषेत हेरगिरी करणारं विमान आणि लांब पल्ल्याचं बॉम्बर, दोन्ही एकात.

त्यांच्यावर ब्रिटिश नौदलाने काढलेला उपाय म्हणजे एचएमएस फ्यूरियस. मुळात ही मोठ्या तोफांची क्रूझर. तोफेऐवजी पुढच्या बाजूला सपाट डेक बसवला आणि त्यावरून सोपविथ कॅमल नावाची एकआसनी लढाऊ विमानं सोडायची सोय केली. जागा कमी म्हणून नौदलाच्या कॅमलचा शेपटीकडचा भाग काढून ठेवता यायचा. घरी आणलेलं फर्निचर पार्ट सोडवून माळ्यावर टाकतात ना, तसं.

१९ जुलै १९१८ च्या पहाटे फ्यूरियसवरून सात कॅमल उडाली. प्रत्येकाखाली ५० पौंडांचे, म्हणजे साधारण २३ किलोचे दोन बॉम्ब. लक्ष्य टोंडर्नचा झेपलिन तळ, सुमारे १३० किलोमीटर दूर. टोंडर्न तेव्हा जर्मनीत होतं, आता डेन्मार्कमध्ये आहे. एकाचं इंजिन बिघडलं, तो मागे फिरला. बाकीचे सहा पोहोचले. मोठ्या शेडवर बॉम्ब पडले, आत एल-५४ आणि एल-६० ही दोन झेपलिन होती. हायड्रोजनने पेट घेतला, दोन्ही संपली. तळावरच्या लोकांना काय होतंय हे कळायच्या आत काम झालं होतं.

इथवर हुबेहूब स्पायडरवेब. आता परतीचा हिशोब बघा. गेलेल्या सहांपैकी तिघे डेन्मार्कमध्ये उतरले, कारण पेट्रोल पुरणार नव्हतं. डेन्मार्क तटस्थ देश, त्यामुळे जीव वाचला. दोघे ताफ्याजवळ परत आले आणि विमान सरळ समुद्रात उतरवलं. विनाशिकांनी त्यांना उचललं. एक पायलट, वॉल्टर यूलेट, परत आलाच नाही. जहाजावर चाकं टेकवून उतरलेलं विमान शून्य.

हा अपघात नव्हता, योजनाच तशी होती. फ्यूरियसवरून निघता यायचं, फ्यूरियसवर भरवशाने उतरता यायचं नाही.

निघणं जमलं, परतणं जमेना

नौदलाच्या विमानांचा इतिहास वाचायला घेतला की ही गोष्ट पानोपानी दिसते. १४ नोव्हेंबर १९१० ला यूजीन इली या अमेरिकन वैमानिकाने यूएसएस बर्मिंगहॅम या क्रूझरवरच्या लाकडी फळ्यांवरून विमान उडवलं. फळ्यांची लांबी फक्त ८३ फूट, म्हणजे २५ मीटर. विमान टोकावरून खाली झुकलं, पाण्याला घासलं, पंख्याला मार बसला, पण उडालं. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती.

दोन महिन्यांनी, १८ जानेवारी १९११ ला, हाच इली सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत नांगरलेल्या यूएसएस पेन्सिल्व्हेनियावर उतरला. यात वापरलेली युक्ती मला फार आवडते, कारण ती आजही चालू आहे. डेकवर आडवे २२ दोर, प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूच्या पिशव्या, आणि विमानाखाली आकडे. आकडा दोरात अडकला की पिशव्या ओढल्या जातात आणि विमान थांबतं. पोहता येईल की नाही या भीतीने इलीने अंगाभोवती सायकलच्या ट्यूब गुंडाळल्या होत्या. जेवण करून तो तिथूनच परत उडालाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका हवाई प्रदर्शनात तो गेला.

मग प्रश्न १९११ मध्येच सुटला की! नाही सुटला. बोट नांगरलेली होती, खाडी शांत होती, आणि युद्धनौकेच्या डेकवर लाकडी माचा कायमचा बांधून ठेवला तर तोफा कुठून चालवायच्या? म्हणून सगळ्या नौदलांनी मधला मार्ग काढला: तरंगणारी विमानं. चाकांच्या जागी होड्यांसारखे फ्लोट, क्रेनने पाण्यात उतरवायचं, उडायचं, काम करून परत पाण्यात उतरायचं, क्रेनने वर घ्यायचं. सप्टेंबर १९१४ मध्ये जपानने वाकामिया या जहाजावरच्या अशाच विमानांनी चीनमधल्या त्सिंगताओच्या जर्मन तळावर बॉम्ब टाकले.

२५ डिसेंबर १९१४, नाताळच्या दिवशी, ब्रिटिशांनी मोठा डाव खेळला. इंग्लिश खाडीत प्रवासी ने-आण करणाऱ्या तीन बोटी बदलून घेतल्या होत्या: एंगाडीन, रिव्हिएरा आणि एम्प्रेस. त्यांवर नऊ विमानं. कुक्सहाफेनजवळची झेपलिनची शेड जाळायची. नऊपैकी सात उडाली. धुकं इतकं की शेड सापडलीच नाही. तीन विमानं आपल्या बोटींजवळ परत आली, तिघांचे लोक एका पाणबुडीने उचलले, आणि एकाला डच मासेमारी बोटीने घरी पोहोचवलं. सगळे जिवंत, लक्ष्य शाबूत.

फ्लोटचा त्रास कुठे होता हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. समुद्रात जरा मोठ्या लाटा असल्या की उडणं बंद. फ्लोटचं वजन आणि हवेतला अडथळा इतका की वर चढायलाच वेळ लागतो, आणि झेपलिन तर वजन टाकून झरझर वर जायचं. म्हणजे परत यायची सोय विमानाच्या पोटाखाली बांधली की विमान कामाचं राहत नाही. आणि ती काढून टाकली की पायलट समुद्रात.

डनिंग

२ ऑगस्ट १९१७. स्कापा फ्लो. एडविन डनिंग हा स्क्वाड्रन कमांडर सोपविथ पप हे छोटं विमान घेऊन फ्यूरियसच्या बाजूने उडत आला. गणित साधं होतं. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून २६ नॉटने चाललंय, समोरून वारा सुमारे २१ नॉट. बेरीज ४७ नॉट, ताशी ८७ किलोमीटर. पप जवळपास एवढ्याच वेगाने हवेत तरंगू शकायचं. त्यामुळे डेकवर उभ्या माणसाच्या नजरेतून विमान जवळजवळ जागच्या जागी लटकलेलं दिसणार. डनिंगने विमान तिरकं सरकवत डेकवर आणलं, खाली उभ्या अधिकाऱ्यांनी विमानाला बांधलेले पट्टे धरले आणि अक्षरशः हाताने ते खाली ओढलं. चालत्या जहाजावर विमान उतरल्याची ही पहिली वेळ.

पाच दिवसांनी, ७ ऑगस्टला, त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या उतरण्याच्या वेळी टायर फुटला, विमान कडेवरून समुद्रात पडलं आणि डनिंग बुडाला.

त्यानंतर फ्यूरियसच्या मागच्या बाजूला उतरण्यासाठी वेगळा डेक बांधला. पण मधोमध धुराडं आणि पूल तसेच होते. त्यांच्यामागे हवेचे भोवरे आणि धुराडाचा गरम वारा. विमान टेकायच्या क्षणी हवाच पायाखालून काढून घेतल्यासारखी व्हायची. बहुतेक प्रयत्न मोडतोडीत संपले आणि तो नाद सोडून दिला. टोंडर्नला गेलेल्या पायलटांना म्हणून समुद्रात उतरायला सांगितलं होतं.

आता त्या ‘लगेचच पुढच्या कामाकडे’ येतो. टोंडर्नची मोहीम यशस्वी झाल्यावर ब्रिटिश नौदलाने ‘झालं, आता एकदाच वापरायची विमानं करू’ असं म्हटलं नाही. सप्टेंबर १९१८ मध्ये एचएमएस आर्गस दाखल झाली. इटलीसाठी बांधायला घेतलेलं प्रवासी जहाज अर्धवट पडून होतं, त्याचा सांगाडा घेऊन वर टोकापासून टोकापर्यंत सपाट डेक टाकला. मधे धुराडं नाही, पूल नाही. धूर मागच्या बाजूने बाहेर. विमान मागून येईल, उतरेल, पेट्रोल-बॉम्ब भरेल, पुढून उडेल. इलीच्या पहिल्या उडीनंतर आठ वर्षांनी. पुढच्या सगळ्या विमानवाहू नौका याच कल्पनेच्या वंशातल्या.

परत येण्याने काय मिळतं?

टोंडर्ननंतर जर्मनांनी काय केलं? तो तळ नेहमीच्या वापरातून काढला आणि फक्त अडीअडचणीला उतरायची जागा म्हणून ठेवला. स्पायडरवेबनंतर रशियानेही बॉम्बर विमानं दुसऱ्या तळांवर हलवली. दोन्ही हल्ल्यांचा खरा दारूगोळा अचानकपणा होता, आणि तो एकदाच वापरता येतो. ट्रक घेऊन तळाच्या उंबऱ्यापर्यंत जाण्याचा डाव युक्रेनने दीड वर्ष रचला होता. तोच डाव आठवड्याने पुन्हा खेळता आला नसता.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटेल. अजून कोणालाच माहीत नसलेली सुरक्षेतली फट पहिल्या दिवशी सोन्यासारखी असते. पॅच आला की किंमत शून्य. स्पायडरवेबमधल्या ड्रोनवर आर्डूपायलट हे मुक्त सॉफ्टवेअर होतं आणि नियंत्रण रशियाच्याच मोबाइल नेटवर्कवरून चालत होतं, अशा बातम्या आल्या. आर्डूपायलट कोणीही डाउनलोड करू शकतो. आपल्याकडचे कॉलेजचे ड्रोन क्लब तेच वापरतात. तंत्रज्ञान दुर्मीळ नव्हतंच. दुर्मीळ होती ती फट.

परत येणाऱ्या विमानाचं गणित वेगळं. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री एचएमएस इलस्ट्रियसवरून २१ स्वोर्डफिश विमानं इटलीच्या तारांतो बंदरावर गेली. दोन पंखी, कापडी, तेव्हाही जुनाट वाटणारी. तीन युद्धनौकांना टॉर्पेडो मारून १९ परत आली. म्हणजे ती दुसऱ्या दिवशीही वापरता येत होती. शत्रूला ‘ही पुन्हा येतील’ असं रोज धरून चालावं लागतं, आणि ती भीती हेच अर्धं काम.

याचा भपका नसलेला भाग आणखी मोठा आहे. पहिल्या महायुद्धात नौदलाच्या विमानांनी सर्वांत जास्त तास कशात घालवले? बॉम्बफेकीत नाही, पहाऱ्यात. पाणबुडी दिसते का हे बघत रोज तोच समुद्र चाळायचा. आजही तसंच आहे. आपल्या नौदलाची पी-८आय विमानं अरक्कोणम आणि गोव्याहून हेच करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी ३१ एमक्यू-९बी ड्रोनचा करार झाला, त्यातले १५ नौदलाचे. ड्रोन असले तरी हे धावपट्टीवर परत येणारे ड्रोन आहेत. पहारा एकदाच करून चालत नाही.

पहाऱ्याचं दुसरं अंग म्हणजे बघितलेलं पोहोचवणं. ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईच्या सुरुवातीला एंगाडीनवरून फ्रेडरिक रटलंड आणि निरीक्षक ट्रेविन यांचं विमान उडालं. ढग खाली होते, म्हणून तेही खाली, जर्मन क्रूझरांच्या तोफांखाली उडत राहिले. ट्रेविनने वायरलेसवरून जर्मन जहाजांच्या हालचाली कळवल्या. एंगाडीनला संदेश मिळाले. पण एंगाडीनवरून अॅडमिरल बीटी यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. सर्व्हरने ‘रिसीव्ह्ड’ म्हटलं आणि युजरच्या स्क्रीनवर काहीच आलं नाही, तसा प्रकार. (हाच रटलंड पुढे जपानी नौदलाला विमानांबाबत सल्ला देऊ लागला, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने त्याला कैदेत ठेवलं. तो स्वतंत्र विषय आहे.)

शंभर वर्षांनीही उतरणंच अवघड

आता आजच्या डेकवर येऊ. इलीचे वाळूच्या पिशव्यांचे दोर आज पोलादी केबल झालेत, पिशव्यांच्या जागी डेकखाली हायड्रॉलिक यंत्रणा. विक्रांतवर अशा तीन केबल आहेत. लढाऊ विमान ताशी २००-२५० किलोमीटर वेगाने येतं आणि शंभरेक मीटरमध्ये, दोन-तीन सेकंदांत थांबतं. चाकं टेकताक्षणी पायलट इंजिन कमी करत नाही. उलट पूर्ण जोर लावतो, कारण आकडा चुकला तर पुन्हा उडायला वेग हवा.

डनिंगच्या विमानाशी तुलना करा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिप्पट झाला की नऊपट. त्यात वजन अर्ध्या टनावरून पंधरा टनांवर गेलंय. आणि पपच्या बाबतीत जहाजाचा वेग नि वारा मिळून जवळजवळ सगळी ऊर्जा संपत होती, इथे थोडीच संपते. राहिलेली सगळी त्या केबलने, त्या आकड्याने आणि विमानाच्या सांगाड्याने झेलायची. म्हणून नौदलाचं विमान हवाई दलाच्या विमानापेक्षा जड आणि महाग. परत येण्याची किंमत पोलादात मोजलेली असते.

आणि तरी ती कधीकधी कमी पडते. ६ मे २०२५ ला तांबड्या समुद्रात यूएसएस हॅरी एस. ट्रुमनवर उतरणारं एफ/ए-१८ केबलने थांबलंच नाही आणि समुद्रात गेलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट झाले, हेलिकॉप्टरने उचलले गेले. जगातलं सर्वांत अनुभवी नौदल, शंभर वर्षांहून जुनी युक्ती.

आपल्याकडे मिग-२९के ची कहाणीही यातलीच. कॅगच्या २०१६ च्या अहवालात या विमानांची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांदरम्यान असल्याचं म्हटलं होतं, आणि डेकवर उतरताना बसणाऱ्या धक्क्यांनी होणाऱ्या बिघाडांचाही उल्लेख होता. राफेल-एम घेण्यामागचं कारण शोधत असाल तर ड्रोनपेक्षा आधी इथे बघा.

उतरण्याचं काम सोपं करण्यात अलीकडे सर्वांत मोठा वाटा सॉफ्टवेअरचा आहे, आणि हा भाग कमी सांगितला जातो. पूर्वी शेवटच्या पंधरा-अठरा सेकंदांत पायलटला स्टिक आणि थ्रॉटलच्या शेकडो बारीक दुरुस्त्या कराव्या लागायच्या. अमेरिकन नौदलाच्या ‘प्रिसिजन लँडिंग मोड’मध्ये पायलट फक्त उतरण्याचा मार्ग वर-खाली सरकवतो, फ्लॅप, इंजिन, बाकी सगळं संगणक जुळवतो. १० जुलै २०१३ ला एक्स-४७बी हे विनापायलट विमान यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या नौकेवर केबल पकडून स्वतःचं स्वतः उतरलं. म्हणजे ड्रोनला परत येता येत नाही असं अजिबात नाही. परत येणारा ड्रोन स्वस्त राहत नाही, एवढंच.

की राहतो? तुर्कियेचा प्रयोग इथे बघण्यासारखा आहे. त्यांची टीसीजी अनाडोलू ही नौका मुळात एफ-३५बी विमानं डोळ्यापुढे ठेवून आखलेली. २०१९ मध्ये अमेरिकेने तुर्कियेला त्या कार्यक्रमातून काढलं. विमानं गेली, बोट राहिली. मग त्यांनी बायरक्तार टीबी३ हा ड्रोन त्या डेकसाठी तयार केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो तिथून उडाला आणि तिथेच उतरला, केबल नाही, आकडा नाही. कसं जमलं? कमाल वजन १,४५० किलो, वेग कमी, समोरून वारा. डनिंगचंच गणित. पण मग वाहून नेतो किती? २८० किलो. राफेल-एम टनांमध्ये मोजतं.

एकदाच जाणाऱ्या यंत्रांची बाजूही समुद्रावर पुढे सरकतेय. ११ ऑगस्ट १९१८ ला स्टुअर्ट कली या पायलटने विनाशिकेमागे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या तराफ्यावरून कॅमल उडवलं, जेमतेम दीड मीटर धावून, आणि एल-५३ झेपलिन पाडलं. मे २०२५ मध्ये युक्रेनने मागुरा या विनाचालक बोटीवरून क्षेपणास्त्र सोडून रशियाचं सुखोई-३० पाडल्याचं सांगितलं. तराफा लहान, शिकार मोठी. काळ्या समुद्रासारख्या बंदिस्त पाण्यात हे चालतं, किनारा जवळ असतो. अरबी समुद्राच्या मधोमध, किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर, अशी बोट आधी तिथवर न्यायची कशी, आणि शत्रू कुठे आहे हे तिला सांगणार कोण? स्पायडरवेबमध्ये ड्रोनचा स्वतःचा पल्ला काही किलोमीटरांचाच होता. ट्रक हीच त्यांची विमानवाहू नौका होती, आणि समुद्रावर ट्रक चालत नाहीत.

मग विक्रांतचं काय?

माझं मत सांगतो. राफेल-एमचा करार चुकीचा नाही, पण त्यावरून ‘ड्रोन म्हणजे खेळणी’ असा निष्कर्ष काढणारेही तितकेच घाईत आहेत. विमानवाहू नौकेला खरा धोका आहे तो ती तळावर, बंदरात, दुरुस्तीच्या गोदीत उभी असताना. टोंडर्नची झेपलिन आणि रशियाची बॉम्बर, दोन्ही हवेत असताना गेली नाहीत, घरात उभी असताना गेली. कोची किंवा कारवारच्या धक्क्याभोवती येणारे कंटेनर, मासेमारी बोटी, ट्रक यांवर नजर कोण ठेवतं, जॅमर कुठे बसवलेत, हा प्रश्न २६ विमानांच्या किमतीपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला तुलनेने फार थोडे पैसे लागतात आणि त्याची रील बनत नाही.

दुसरं, डेक विमानाला बांधून ठेवतो. विक्रांतच्या लिफ्ट मिग-२९के च्या आकाराचा विचार करून केलेल्या. राफेल-एमचे पंख मिटत नाहीत, त्यामुळे तिथे जागा काटेकोर आहे. १९१८ मध्ये कॅमलची शेपूट काढावी लागत होती, तीच अडचण. विमान तीस वर्षांत बदलतं, जहाज पन्नास वर्षं टिकतं. चीनने ५ नोव्हेंबर २०२५ ला दाखल केलेल्या फुजियानवर विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट आहेत, म्हणजे जड रडारवालं विमानही तिथून उडतं आणि उद्याचा जड ड्रोनही उडेल. विक्रांतवर पुढे उचललेला उतार आहे. तिथून विमान स्वतःच्या इंजिनावर उडतं, म्हणून पेट्रोल आणि शस्त्रं मोजून घ्यावी लागतात. तिसऱ्या नौकेची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. ती झाली तर त्यावर कॅटापुल्ट असणार की नाही, हे ठरलं की त्यावर कोणते ड्रोन चालणार हेही ठरतं.

उतरण्याचं ज्ञान आपल्याकडे कुठून येतंय तेही सांगतो. दाबोळी विमानतळावरून गोव्याला गेला असाल तर तुम्ही आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर उतरला आहात. तिथेच डेकची जमिनीवरची प्रतिकृती आहे: तसाच उतार, तशाच केबल. सप्टेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या तेजसने पहिल्यांदा केबल पकडली ती इथे. ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते विमान विक्रमादित्यवर उतरवलं, आणि असं विमान स्वतः बनवून डेकवर उतरवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आला. एक इंजिन असलेलं ते तेजस नौदल वापरणार नाही, पण त्यातून मिळालेला डेटा आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर दोन इंजिनांच्या पुढच्या स्वदेशी विमानासाठी लागणारच आहे. २०२२ मध्ये राफेल-एम आणि अमेरिकेचं सुपर हॉर्नेट यांची परीक्षाही याच उतारावर झाली.

करारानुसार सगळी २६ राफेल-एम २०३० पर्यंत यायची आहेत. तोवर विक्रांत आणि विक्रमादित्य, दोन्ही नौकांवर मिग-२९के च उतरत राहणार.